खुर्ची तीच, माणूस नवा

बेळगाव शहराला लागून असलेल्या कंग्राळीत गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलै महिन्यात, एका परिचित कुटुंबात आम्ही पाहुणे होतो. शनिवारची रात्र होती. जेवणे उरकून सारी मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसली. ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम सव्वा वर्षाच्या खंडानंतर त्या दिवशी, २६ जुलैला, पुन्हा सुरू होणार होता. नाव तेच होते. परंतु सूत्रसंचालक नवा होता. तो दिसताच घरातील वयोवृद्ध आजी नातवाला म्हणाल्या, “ह्यो कोण रे? आमचा डॉक्टर कुठं गेला?”

आजींच्या या प्रश्नात केवळ कुतूहल नव्हते, थोडे दुःखही होते. वाचकहो, ते दुःख क्षुल्लक मानू नये असे आम्हांस वाटते.

१८ ऑगस्ट २०१४ रोजी झी मराठीवर हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून डॉ. निलेश साबळे हे त्याचे यजमान होते. शिक्षणाने ते वैद्य. परंतु रोग्यांची नाडी पाहण्याऐवजी त्यांनी प्रेक्षकांची नाडी ओळखली. थुकरटवाडी नावाचे कल्पित गाव, भाऊ कदम, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे व श्रेया बुगडे यांचा विनोद, आणि मध्येच पोस्टमनच्या वेशातील सागर कारंडे यांनी वाचलेले, अरविंद जगताप यांनी लिहिलेले एखादे पत्र! हसता हसता डोळे कधी पाणावत, ते कळत नसे. सीमाभागातील घरांना तर या कार्यक्रमाचा विशेष लळा होता. कचेरीतील कागद कन्नडमध्ये असला, तरी रात्री घरात हसू मात्र मायबोलीतच उमटे.

२०२४ च्या आरंभी डॉ. साबळे यांनी निरोप घेतला आणि मार्चमध्ये कार्यक्रमही थांबला. पुढे साबळे व भाऊ कदम दुसऱ्या वाहिनीवर नव्या कार्यक्रमात दिसले. २०२५ च्या पर्वात हे दोघेही नव्हते. सूत्रसंचालनाची धुरा अभिजीत खांडकेकर यांच्याकडे आली. श्रेया, कुशल आणि भारत हे जुने सोबती राहिले. गौरव मोरे व प्रियदर्शन जाधव हे नवे आले.

कोणी म्हणेल, यजमान बदलला तर बिघडले काय? मराठीतील ‘करोडपती’च्या खेळात २०१३ साली सचिन खेडेकर होते, २०१६ साली स्वप्नील जोशी आले, २०१९ साली नागराज मंजुळे आले, खेळ चालूच राहिला. हे खरे आहे. परंतु त्या खेळाचा कणा प्रश्न हा आहे. विचारणारा बदलला तरी प्रश्न उरतो. ‘चला हवा येऊ द्या’चे तसे नव्हते. साबळे हे केवळ सूत्रसंचालक नव्हते. लेखक व दिग्दर्शकही तेच होते. ते गेले तेव्हा एक खुर्ची नव्हे, तर घराची चूल रिकामी झाली. नव्या माणसाने केवळ त्या खुर्चीवर बसून भागणार नव्हते.

म्हणूनच नव्या माणसाकडे कसे पाहावे, हा प्रश्न उरतो. गावच्या शाळेतील आवडत्या गुरुजींची बदली होते, तेव्हा मुले पहिले काही दिवस नव्या गुरुजींचे नीट ऐकतही नाहीत. नव्या गुरुजींनी जुन्यांची नक्कल केली तर मुले हसतात, आणि स्वतःच्या रीतीने शिकवले तर रुसतात. बिचाऱ्याने करावे तरी काय? आमचे मत असे की, जुन्यांची आठवण जरूर ठेवावी, परंतु तिचा फटका नव्याच्या पाठीवर मारू नये. तसेच जो गेला त्याला कृतघ्नही म्हणू नये. दहा वर्षे हसवणाऱ्याने आपल्याला पुष्कळ दिले. उरलेले आयुष्य त्याचे स्वतःचे आहे.

याचा अर्थ, नावाला भुलून सर्व गोड मानावे असा मात्र नाही. विनोद पिकला तर हसावे, न पिकला तर स्पष्ट सांगावे. परंतु तो निकाल समोरच्या विनोदाचा असावा, गैरहजर माणसाच्या आठवणीचा नसावा.

त्या रात्री आजी बराच वेळ गप्प होत्या. मग श्रेया बुगडे यांच्या कुठल्याशा बोलण्यावर त्यांना हसू फुटले. पदराने डोळे पुसत त्या नातवाला म्हणाल्या, “आपली पोरगी हाय की अजून! बघूया रे, ह्यो नवा काय करतोय ते. त्यालाबी जरा बसू दे.”

आमचा सारा लेख आजींच्या त्या शेवटच्या वाक्यात मावला आहे.