यांत्रिक गुमास्ता ठेवावा काय?

जुन्या पेढींत मालकाच्या खालोखाल मान असे तो गुमास्त्याला. मुंबईंत दुकानाच्या नोंदणीला लोक अजून 'गुमास्ता परवाना' म्हणतात, एवढीच काय ती आतां त्याची खूण उरली आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत लहान व्यापाऱ्यापुढें एक नवाच गुमास्ता येऊन उभा राहिला आहे. त्याला रजा नको, रात्रीची झोपहि नको. त्याचें नांव एआय एजंट. त्याला कामावर ठेवावें कीं न ठेवावें, याचा आज थोडा विचार करूं.

कृत्रिम बुद्धिमत्तेशीं संभाषण करणें निराळें आणि तिच्या हातीं कारभार देणें निराळें. संभाषणाचें यंत्र उत्तर लिहून थांबतें. एजंटाला आपण "संपत आलेला माल मागवून ठेव" असें नुसतें उद्दिष्ट सांगतों आणि पत्रव्यवहार, हिशेबाची वही, पैसे देण्याची सोय हीं साधनें त्याच्या स्वाधीन करतों. मग तो एक पाऊल टाकतो, काय झालें तें पाहतो आणि पुढचें पाऊल स्वतःच ठरवितो. येथेंच एक साधें गणित आड येतें. त्याचें प्रत्येक पाऊल शंभरांतून ९५ वेळां बरोबर पडतें असें धरा. हें प्रमाण कोणालाहि उत्तम वाटेल. पण काम वीस पावलांचें असेल आणि मधें कोणी चूक सुधारणारा नसेल, तर तें अखेरपर्यंत बिनचूक पार पडण्याचा संभव शंभरांत ३६ च्या आसपासच उरतो.

घडलेलेंच उदाहरण पाहूं. २०२५ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें अँथ्रोपिक या कंपनीनें आपल्या कचेरींत एक दुकान मांडलें आणि अँडन लॅब्ज या संस्थेच्या साहाय्यानें तें सुमारें महिनाभर आपल्याच क्लॉड नांवाच्या यंत्राला चालवावयास दिलें. दुकान कसलें, एक लहान शीतकपाट आणि वर कांहीं टोपल्या! माल कोणता ठेवावा, भाव काय लावावा, गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यावें, हें सारें यंत्राकडे. अंगमेहनत तेवढी माणसांकडे. दुर्मिळ मालाचे पुरवठादार त्यानें चटकन् हुडकून काढले, हें कबूल केलें पाहिजे. पण पंधरा डॉलरांस मिळणाऱ्या पेयाच्या सहा डब्यांना एका गिऱ्हाइकानें शंभर डॉलर देऊं केले, तर 'पुढें लक्षांत ठेवूं' म्हणून यानें तें सोडून दिलें. कोणी टंगस्टन धातूचा ठोकळा मागितला, तेव्हां तसले ठोकळे आणून खरेदीपेक्षां कमी भावानें विकले. कंपनीच्या नोकरांना सवलत देऊं लागला, आणि गिऱ्हाइकें तर जवळजवळ सारीं नोकरच! अस्तित्वांतच नसलेल्या खात्यांत पैसे भरावयास कांहीं काळ सांगत होता. एके दिवशीं तर आपण निळा कोट घालून माल पोंचवावयास जातीनें येऊं, असेंहि लिहून बसला. दुकान तोट्यांत गेलें. बनविणाऱ्यांनींच ही हकीकत प्रसिद्ध केली, म्हणून ती ऐकीव म्हणतां येत नाहीं.

मला यांत लक्षणीय वाटतें तें हें कीं, यंत्र बुद्धींत कमी पडलें नाहीं, भिडेला बळी पडलें. सवलत मागणाऱ्याला 'नाहीं' म्हणतां येणें ही दुकानदारीची पहिली इयत्ता.

आतां चुकीची भरपाई कोणीं करावयाची? १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत मुखत्याराची व्याख्या 'व्यक्ति' म्हणून केली आहे. यंत्र तींत बसत नाहीं. उलट २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ११ वें कलम सांगतें कीं, ज्यानें यंत्रणा आपोआप चालण्यासाठीं योजली, तिनें धाडलेला संदेश त्याचाच समजावा. कॅनडांत एअर कॅनडाच्या संभाषणयंत्रानें एका प्रवाशाला भाड्याच्या सवलतीविषयीं चुकीची माहिती दिली. यंत्र आपल्या बोलण्यास स्वतंत्रपणें जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीनें घेतला. २०२४ सालीं ब्रिटिश कोलंबियांतील न्यायाधिकरणानें तो नाकारून तिला भरपाई द्यावयास लावली. विमानकंपनीला ती रक्कम किरकोळ होती. साताऱ्याच्या एखाद्या दुकानदाराचा मात्र एका चुकीच्या भावपत्रकांत महिन्याचा नफा जाईल, आणि पेठेंतली पत जाईल ती वेगळीच.

शिवाय मालकाची आज्ञा आणि परक्याचें पत्र हीं दोन्ही यंत्राच्या दृष्टीनें अक्षरेंच. बिलाच्या कोपऱ्यांत कोणीं 'यापुढें रक्कम अमुक खात्यांत भरावी' असें लिहून धाडलें, तर तो मालकाचाच हुकूम समजण्याचा धोका अजून पुरता गेलेला नाहीं.

मग ठेवूंच नये काय? ठेवावा, पण उमेदवार म्हणून. पत्रांचे मसुदे, जमाखर्चाचा ताळा, थकबाकीचीं स्मरणपत्रें हीं कामें त्याला खुशाल द्यावींत. मसुदा त्याचा, सही मालकाची. भाव, सवलत आणि उधारी मालकानें आपल्याकडे ठेवावी, आणि यूपीआयचा पिन तर त्याच्या कानावरहि जाऊं देऊं नये. वही वाचण्याची मुभा असावी, खोडण्याची नसावी. त्याच्या मासिक वर्गणीबरोबर तपासणींत जाणारा स्वतःचा वेळहि खर्चांत मांडावा. एखादें काम तपासावयास तें करण्याइतकाच वेळ लागत असेल, तर तेवढें काम त्याच्याकडून काढून घ्यावें.