वावरातून जाणारी नळी आणि 21 दिवस

तिवसा तालुक्याच्या दक्षिणेला धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर हे तीन तालुके लागतात आणि या तिन्हींतून समृद्धी महामार्ग जातो. रस्ता सगळ्यांना दिसतो. त्याच्या कडेच्या पट्ट्यात पुरलेली नळी मात्र कुणाला दिसत नाही. ‘गेल’ या सरकारी कंपनीच्या मुंबई–नागपूर–झारसुगुडा या नैसर्गिक वायूच्या वाहिनीचा हा भाग. पूर्ण वाहिनी सुमारे 1,755 किलोमीटरची, ओडिशापर्यंत जाणारी. त्यातला मुंबई ते नागपूर हा साधारण 700 किलोमीटरचा टप्पा बहुतांश समृद्धीच्या कडेने आखला गेला. रस्त्यासाठी जमीन आधीच घेतलेली होती, म्हणून तिथे शेतकऱ्याच्या वावरात पुन्हा शिरावे लागले नाही.

पण मोठी वाहिनी कधी एकटी राहत नाही. तिला फाटे फुटतात. एखाद्या शहराकडे, एखाद्या औद्योगिक वसाहतीकडे शाखा निघते आणि त्या शाखेला महामार्गाची कड मिळेलच असे नाही. मग एक दिवस वावरात मोजणीची माणसे दिसतात, धुऱ्यावर खुंट्या ठोकल्या जातात, आणि गावात पहिला प्रश्न येतो: जनसुनावणी कधी आहे?

या प्रश्नाचे खरे उत्तर फार थोड्या लोकांना ठाऊक असते. शेतातून जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या वाहिनीसाठी पर्यावरणाची जनसुनावणी बहुधा होतच नाही. ती टाळली जाते असे नव्हे. कायद्यातच ती सांगितलेली नाही.

आपल्याकडे प्रकल्पाची पर्यावरणीय तपासणी 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चालते. ही अधिसूचना 1986 च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली निघाली. तिच्या परिशिष्टात प्रकल्पांची यादी आहे. यादीत नाव असेल तर आधी मंजुरी, मग काम. तपासणी चार पायऱ्यांनी होते. प्रकल्प कोणत्या गटात बसतो ते आधी ठरते, मग अभ्यासात काय काय पाहायचे ते ठरते, त्यानंतर लोकांचे म्हणणे ऐकले जाते आणि शेवटी तज्ज्ञ समिती छाननी करते.

यातली तिसरी पायरी म्हणजे जनसुनावणी. ती राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अधिकारी असतात. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, त्यातले एक पत्र स्थानिक भाषेतले हवे. जिथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे दवंडी पिटावी, असे अधिसूचनेत चक्क लिहिलेले आहे. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे, कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे आणि कोण काय बोलले त्याचे टिपण तिथेच लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवले पाहिजे. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे, आणि जिथे लोक तयारीने गेले तिथे तिचा उपयोगही झाला आहे.

आता यादीतली 6(अ) ही नोंद पाहा. तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या वाहिन्या तिथे येतात, पण राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ क्षेत्र किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र यांतून जाणाऱ्याच. कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या वावरातून जाणारी वायूची नळी या नोंदीत बसत नाही. वऱ्हाडात हा फरक नकाशावरच दिसतो. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यातून आणि काटेपूर्णा अभयारण्यातून जातो. अशा ठिकाणी वन्यजीव संरक्षण कायदा, राज्य आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळे, वनजमीन असेल तर 1980 चा वन कायदा, हे सगळे उभे राहते. काळविटासाठी निदान चार टेबलांवरून फाइल फिरते. अभयारण्याची हद्द ओलांडून नळी वावरात आली की ती टेबले संपतात. काळविटाचे संरक्षण कमी करा असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण काळी मातीसुद्धा पर्यावरणच आहे, आणि तिच्या बाजूने बोलणारे कुणी या व्यवस्थेत नेमलेले नाही.

मग शेतकऱ्याच्या हाती उरतो तो 1962 चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा. हा जमीन संपादनाचा कायदा नव्हे. जमीन तुमचीच राहते, सातबाऱ्यावर नाव तुमचेच राहते. सरकार घेते तो फक्त जमिनीखाली नळी टाकण्याचा आणि तिची देखभाल करण्याचा वापर हक्क. कलम 3(1) खाली केंद्र सरकार राजपत्रात इरादा जाहीर करते, त्यात गाव, गट क्रमांक आणि क्षेत्र असते. तिथपासून मोजणीच्या लोकांना वावरात शिरण्याचा, पातळी घेण्याचा, माती तपासायला खड्डा घेण्याचा अधिकार मिळतो. त्या अधिसूचनेच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या की 21 दिवस मोजायला लागायचे. या 21 दिवसांत लेखी हरकत या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. हरकत घेणाऱ्याला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे त्याला बंधनकारक आहे. त्याने दिलेला निर्णय या कायद्यापुरता अंतिम. पुढे कलम 6 खाली घोषणा निघते आणि वापर हक्क सरकारकडे, तिथून कंपनीकडे जातो. पहिल्या अधिसूचनेपासून वर्षभरात घोषणा निघाली नाही, तर ती अधिसूचना आपोआप निष्प्रभ होते. म्हणून पहिल्या अधिसूचनेची तारीख लिहून ठेवा.

घोषणेनंतर त्या पट्ट्यात घर किंवा कोणतेही बांधकाम करता येत नाही, विहीर, तळे, बंधारा खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. बाकी आधीसारखी शेती करता येते. कायदा काही गोष्टी कंपनीलाही बजावतो. राहत्या घराची जागा, घरालगतची जमीन, आधीपासून पक्के बांधकाम असलेली जमीन यांखालून नळी टाकायची नाही, आणि जमिनीच्या पृष्ठभागापासून 1 मीटरपेक्षा कमी खोलीवर तर कुठेच टाकायची नाही. कलम 10 खालचा मोबदला दोन प्रकारचा: कामामुळे पिकाचे, झाडांचे, जमिनीचे जे नुकसान होईल त्याची भरपाई, आणि शिवाय पहिल्या अधिसूचनेच्या तारखेला असलेल्या बाजारभावाच्या 10 टक्के. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

कपाशी घेणाऱ्याला हा हिशेब कदाचित मानवेल. संत्र्यावाल्याला मानवणार नाही. पट्ट्यातली झाडे एकदा गेली की तिथे पुन्हा बाग लावता येत नाही. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात आणि पुढची कित्येक वर्षे झाड उत्पन्न देते. आज उभ्या असलेल्या झाडांची किंमत मोजली जाते. ती जागा बागेसाठी कायमची बंद झाली, हे मात्र 10 टक्क्यांत मावत नाही. म्हणून बागाईतदाराची हरकत ‘मोबदला वाढवा’ अशी नसावी. ‘नळी धुऱ्याधुऱ्याने किंवा पांदणीच्या कडेने न्या, बागेच्या पोटातून नको’ अशी असावी, आणि सोबत हाताने काढलेला का होईना, नकाशा असावा. मार्ग 40-50 मीटर सरकवणे या टप्प्यावर शक्य असते. नळ्या वावरात येऊन पडल्यावर नसते.

तामिळनाडूतल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले होते. गेलच्या कोचीहून बंगळूर आणि मंगळूरकडे जाणाऱ्या वाहिनीसाठी शेतातून मार्ग नको, महामार्गाच्या कडेने न्या, अशी त्यांची आणि त्यांच्या राज्य सरकारची मागणी होती. फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. वऱ्हाडात नेमकी तीच गोष्ट समृद्धीच्या कडेने प्रत्यक्षात आली. रस्त्याची कड तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे म्हणणे आता सोपे राहिलेले नाही.

हरकतीत सगळ्यात आधी यावी माती. नळीसाठी दीड-दोन मीटर खोल चर खणतात. आपल्या काळ्या जमिनीत वरचा थर कसदार आणि खालचा वेगळा, कुठे चुनखडीचा, कुठे मुरमाचा. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात खालची माती क्षारांनी भरलेली असते. खणताना सगळे एकत्र ढिगाला लागले आणि तसेच परत लोटले, तर खालचे क्षार वर येतात आणि तो पट्टा चोपण होतो. पुढे कितीही शेणखत घाला, पीक तिथे पिवळे पडते. उपाय साधा आहे: वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, आणि भरताना उलट्या क्रमाने. चांगले कंत्राटदार हे करतात. ते करायचेच आहे हे लेखी मागा.

दुसरी गोष्ट वाफसा. ओल्या काळ्या मातीवरून अवजड यंत्रे गेली की जमीन दगडासारखी दबते आणि मुळे खाली जात नाहीत. म्हणून पट्ट्यातले काम उन्हाळ्यात, तुरी आणि हरभरा निघाल्यावर व्हावे. तिसरी पाण्याची. वावरातून पाणी कुठून येते आणि कुठल्या नाल्याला लागते हे मोजणीच्या यंत्राला कळत नाही, शेतकऱ्याला कळते. चर भरल्यावर राहिलेला उंचवटा पाणी अडवतो, आणि खचलेला चर पाण्याला नवी वाट देतो. विहिरी, बोअर, जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या आणि ठिबकच्या नळ्या, सगळे नकाशावर दाखवा.

नळी टाकून झाल्यावर गॅस सोडण्याआधी तिच्यात पाणी भरून, दाब देऊन साधारण 24 तास ती तपासतात. 24 इंच व्यासाची नळी धरली तर किलोमीटरभर लांबी भरायला अडीच-पावणेतीन लाख लिटर पाणी लागते. हे पाणी पुढच्या तुकड्यात पुन्हा वापरता येते, पण पहिल्यांदा ते कुठून तरी घ्यावेच लागते. एप्रिल-मेमध्ये ते कोणत्या धरणातून, कोणत्या नाल्यातून घेणार, आणि तपासणीनंतरचे गंजमिश्रित पाणी कुठे सोडणार, हा प्रश्न गावाने विचारायलाच हवा. वर्धा नदीसारखी मोठी नदी ओलांडताना पात्र न खोदता काठावरून तिरपे छिद्र पाडून नळी तळाखालून नेतात. ही पद्धत चांगली, पण छिद्र पाडताना बेंटोनाइट मातीचा जो चिखल दाबाने सोडतात तो भेगेतून पात्रात वर येऊ शकतो. कौंडण्यपूरच्या घाटावर उभे राहून जी वर्धा आपण पाहतो, तिच्या तळाखाली अशी कामे होताना कुणीतरी गावातला माणूस पाहायला हजर असावा.

सुरक्षिततेचे नियम पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे आहेत. वस्ती जितकी दाट तितका नळीचा पत्रा जाड आणि गॅस बंद करण्याच्या झडपा जवळ: विरळ वस्तीत 32 किलोमीटरपर्यंत अंतर चालते, अतिदाट वस्तीत 8. नळीला बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण देतात आणि गंज थोपवायला सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. आतून तपासणी करायला यंत्र फिरवतात. हे नियम केवळ कागदापुरते राहिले तर काय होते ते 27 जून 2014 ला आंध्रातल्या तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावाने पाहिले. पहाटे वाहिनीतून गळलेला वायू पेटला आणि वीसहून अधिक माणसे गेली. म्हणून वास आला, जमिनीतून सूं असा आवाज आला, किंवा पट्ट्यावरचे गवत अकारण वाळले, तर पिवळ्या खांबावरचा दूरध्वनी क्रमांक आधी लावा. आणि हा क्रमांक गावात किती जणांकडे आहे ते आजच पाहा.

वाहिनी वाढवणे म्हणजे दरवेळी नवे खोदकामच असे नाही. मधे दाब वाढवणारे कॉम्प्रेसर केंद्र बसवले की त्याच नळीतून जास्त गॅस जातो. तेव्हा वावर मोकळे राहते, पण केंद्राशेजारच्या घरांना रात्रंदिवस घरघर सोसावी लागते. दुसरी वाट म्हणजे जुन्या नळीला समांतर दुसरी नळी टाकणे. मातीला तेव्हा दुसऱ्यांदा धक्का बसतो. म्हणून पहिल्याच हरकतीत विचारून ठेवा की या पट्ट्यात एकच नळी येणार की पुढे आणखी, आणि दुसरी आली तर नुकसानीचा हिशेब वेगळा होईल का. अमेरिकेत आंतरराज्य वाहिनीला परवाना देणारा ऊर्जा आयोग नवी वाहिनी असो की विस्तार, पर्यावरणाची तपासणी स्वतः करतो. मोठ्या प्रकल्पाचा मसुदा लोकांपुढे हरकतींसाठी ठेवला जातो. तरीही 488 किलोमीटरची माउंटन व्हॅली वाहिनी ओढ्यांत उतरणाऱ्या गाळावरून वर्षानुवर्षे न्यायालयांत अडकली, आणि 2023 मध्ये तिथल्या संसदेने एका कायद्यात खास कलम घालून ती मार्गी लावली. जून 2024 मध्ये ती सुरू झाली. चांगली तपासणीसुद्धा राजकारणापुढे नमते, हे त्यातून दिसते. पण त्या ओढ्यांतल्या गाळाची नोंद झाली, ती पुसता आली नाही. आपल्याकडे नोंदच होत नाही, आणि हरकतीचा अर्ज ही ती नोंद करण्याची एकमेव जागा आहे.

काम संपल्यावर माणसे, यंत्रे निघून जातात, खुंट्या उपटल्या जातात, पट्टा सपाट दिसतो. खरी परीक्षा मृगाच्या पहिल्या दमदार पावसात होते. सैल भरलेली माती तेव्हा बसते, चर वीतभर, कुठे हातभर खचतो, धुरा फुटतो. त्या दिवशी पाऊस थांबताच वावरात जा, तारीख दिसेल असे फोटो काढा, तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या आणि सक्षम प्राधिकाऱ्याला अर्ज द्या. कलम 10 ची भरपाई फक्त खोदकामाच्या दिवसांपुरती नाही. कंपनीने नळी टाकताना किंवा पुढे देखभालीसाठी वावरात येऊन जे नुकसान केले, तेही तिच्यात येते.