सायलेन्सरचा पोचा बाहेर कसा काढावा?

आमच्या चौसाळा गावातून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. पण गाड्या चेपतात त्या शेतरस्त्यावर. दगडावर सायलेन्सर आपटला की पहिला हात हातोड्याकडे जातो. मी तो आधी बाजूला ठेवायला लावतो. पाइप आतून पोकळ असतो, बाहेरून ठोकल्याने पोचा आणखी आत जातो.

आधी पोचा किती खोल ते पाहा. साध्या फोर-स्ट्रोक गाडीचा उथळ पोचा दिसायला वाईट, पण चालीला फारसा नडत नाही. जुन्या आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकचं तसं नाही. तिथे सायलेन्सरचा आकारच इंजिनाची ताकद ठरवतो.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर सायलेन्सर खोला. सरळ भागात पोचा असेल तर गोल टोकाचा जाड गज आत घालून हळूहळू दाबा. गज पोचत नसेल, तर पोच्यावर बोल्ट वेल्ड करून बाहेर ओढायचा आणि नंतर तो घासून काढायचा. हे काम वेल्डिंगवाल्याकडेच द्या. क्रोम तापल्यावर निघणारा धूर फुप्फुसाला घातक असतो. पाइपात पाणी भरून, तोंडं बंद करून तापवू तर अजिबात नका. वाफेच्या दाबाने तो फुटतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. त्या भागात गज घालू नका. बसवताना गॅस्केट नवी टाका. गाडी थंड असतानाच सुरू करून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर सांधा गळतोय.