हेडफोनचा ॲम्प्लिफायर : बळ आणि रंग

हेडफोन लावून गाणीं अगर पाठ ऐकणें ही आतां घरोघरची गोष्ट झाली आहे. त्याला निराळा ॲम्प्लिफायर जोडल्यास आवाज सुधारतो, असेंही पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येतें. हें म्हणणें कितपत खरें, हें समजण्यासाठीं त्या यंत्राचें मूळ काम कोणतें व त्यावरील निरनिराळ्या कळांचें काम कोणतें, हा भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

मूळ काम एवढेंच कीं, आलेल्या दुर्बळ विद्युत्संकेताचें रूप न बिघडवितां त्याला बळ द्यावें. सर्व हेडफोन सारखे नसतात. कित्येकांचा विद्युद्रोध ३२ ओहमच्या आसपास असतो. सेनहायझर कंपनीच्या ‘एचडी ६००’ चा मात्र ३०० ओहम आहे. एक व्होल्ट दाब दिला असतां पहिल्यास सुमारें ३१ मिलिवॉट शक्ति मिळते, दुसऱ्यास अवघी ३.३. म्हणून अशा हेडफोनला मोबाइलचा दाब पुष्कळदां अपुरा पडतो आणि तेथें निराळें यंत्र खरोखरीच उपयोगी पडतें. सहज वाजणाऱ्या साध्या हेडफोनला त्याची बहुधा गरज नसते.

आतां तीन यंत्रें शेजारीं ठेवून पाहूं. अमेरिकेंतील जेडीएस लॅब्सच्या ‘ॲटम’मध्यें (२०१८) आवाज कमीजास्त करण्याची सोय आहे, पण त्याला रंग देणारी एकही कळ नाहीं. इंग्लंडांतील आयफायच्या ‘झेन कॅन’मध्यें (२०२०) खर्ज वाढविण्याची सोय आहे व ध्वनि डोक्याबाहेर पसरल्याचा भास करविण्याचीही. जर्मनींतील एसपीएल कंपनीच्या ‘फोनिटर’ यंत्रांत एका बाजूचा ध्वनि थोडासा दुसऱ्या बाजूस मिसळतां येतो.

या कळा निव्वळ चैनीच्या नव्हेत. त्यांना कारणें आहेत. आवाज मंद असतां कानाला खर्ज विशेष कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं प्रयोगानें दाखविलें. म्हणून हळू आवाजांत ऐकतांना खर्जाची कळ उपकारक ठरते. मोठ्या आवाजांत तीच गायकाचे शब्द झांकून टाकते. तसेंच, खोलींतील डाव्या कर्ण्याचा आवाज उजव्या कानासही, किंचित् उशिरानें व थोडा बोथट होऊन, पोंचतो. हेडफोनमध्यें तसें होत नाहीं, म्हणून ध्वनि डोक्यांत कोंडल्यासारखा वाटतो. ही उणीव भरून काढणारी रचना बाउअर यांनीं १९६१ सालीं सुचविली होती.

मग श्रेष्ठ कोणतें? येथेंच पुष्कळांची फसगत होते. दोन यंत्रांपैकीं जें किंचित् मोठ्यानें वाजतें, तेंच कानाला अधिक गोड वाटतें. यास्तव तुलना करतांना दोहोंचा आवाज अगदीं समान करावा, आणि कोणतें यंत्र चालू आहे हें ऐकणारास कळूं देऊं नये. असें केल्यावर पुष्कळ मोठमोठे भेद नाहींसे होतात. जें यंत्र सर्व कळा बंद असतां स्वच्छ वाजतें, तें चांगलें. कळा या मिठासारख्या, रुचीपुरत्या.

पालकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. बळ वाढविणारें यंत्र कानाची हानिही करूं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं आठवड्यांत ४० तास ऐकावयाचें तर आवाज सरासरी ८० डेसिबेलच्या वर नसावा. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ आहे. दर ३ डेसिबेल वाढीस हा काळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढांना ९० डेसिबेलला आठवड्यास सुमारें चारच तास उरतात. अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या म्हणजे माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत. बिघडलेलें यंत्र बदलतां येतें, कान बदलतां येत नाहीं. तेव्हां, विद्यार्थ्यांनो, यंत्राची खुंटी फिरवितांना ती कोठें थांबवावी, हें आधीं शिका.