नाताळापूर्वीचा आठवडा : घरातील तयारीचे गणित

सण कोणताही असो, त्याच्या तयारीचे दोन भाग असतात. एक भाग पैशाने पुरा होतो आणि दुसरा वेळाने. नवे कपडे, रोषणाईच्या माळा, मिठाईचा डबा या गोष्टी सणाच्या आदल्या संध्याकाळीही विकत आणता येतात. परंतु घटस्थापनेच्या परडीत पेरलेले धान्य आदल्या संध्याकाळी उगवत नाही. त्याला त्याचे दिवस द्यावेच लागतात. नाताळच्या तयारीतही अशी वेळ मागणारी कामे बरीच आहेत. ती कोणती, त्यांना किती अवधी लागतो आणि नोकरी सांभाळून ती एका आठवड्यात कशी बसवता येतील, याचा विचार करण्यासाठी बेंगळुरूचे इंदिरानगर हे उत्तम उदाहरण आहे.

रस्त्यावरचा आणि घरातला डिसेंबर

इंदिरानगर ही वसाहत १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरू विकास प्राधिकरणाने वसवली. प्रारंभी ती बंगल्यांची, बागांची आणि शांत रस्त्यांची वस्ती होती. पुढे हंड्रेड फीट रोड आणि सीएमएच रोड यांच्या दुतर्फा दुकाने, उपाहारगृहे व कार्यालये आली. २० ऑक्टोबर २०११ रोजी शहरातील मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, तो इंदिरानगरातूनच जात होता. मेट्रोने हलसूर मागे टाकले की पुढचे स्थानक ट्रिनिटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या होली ट्रिनिटी चर्चवरून त्या चौकाला व स्थानकाला हे नाव मिळाले. १८०९ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी छावणीमुळे शहराच्या या पूर्व भागात नाताळची परंपरा जुनी आहे. येथील केकचे प्रदर्शनही प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात सुरू झालेले हे प्रदर्शन डिसेंबरात भरते आणि साखरेच्या भव्य प्रतिकृती पाहण्यास सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात.

अशा ठिकाणी नाताळसाठी जे हवे ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. तरीही गोव्याहून, मंगळुरूहून, केरळहून, तमिळनाडूतून वा महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे काही गोष्टी घरीच करतात. गावाकडे ज्या कामांना आजी, मावश्या आणि शेजारणी असत, त्या कामांना येथे नवरा-बायको, मुले आणि फार तर सोबत राहणारे आईवडील एवढेच हात असतात. त्यामुळे कामाची वाटणी आधीच केली नाही, तर सारा भार एकाच व्यक्तीवर, बहुधा घरातील गृहिणीवर पडतो आणि सणाच्या दिवशी ती थकून जाते.

ख्रिस्ती परंपरेने या तयारीसाठी कालावधीच नेमून दिला आहे. नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारपासून २४ डिसेंबरपर्यंतच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. वाट पाहणे हाच या काळाचा धर्म होय. त्यातील शेवटचे सात दिवस, म्हणजे १८ ते २४ डिसेंबर, येथे विचारात घेतले आहेत.

लोकरीचे गणित

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबरात रात्रीचे तापमान १६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणाऱ्या लहान मुलाच्या गळ्यात मफलर असावा, एवढी ही थंडी निश्चितच असते. घरी विणलेला मफलर ही नाताळची सुरेख भेट आहे. मात्र ती वेळेत पुरी होईल की नाही, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

मध्यम जाडीची लोकर आणि ८ क्रमांकाच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुया घेतल्या, तर १० सेंटिमीटर रुंदीत साधारण २० टाके बसतात. (सुयांच्या या जुन्या क्रमवारीत क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक असते.) २० सेंटिमीटर रुंद मफलरला ४० टाके घालावे लागतील. सर्व ओळी सुलट विणल्यास १० सेंटिमीटर लांबीत सुमारे ४० ओळी बसतात. म्हणून १२० सेंटिमीटर लांबीसाठी ४८० ओळी झाल्या. ४० गुणिले ४८० म्हणजे १९,२०० टाके. सराव असलेली व्यक्ती मिनिटाला ३० टाके विणते असे धरले, तर हे काम ६४० मिनिटांचे आहे. सात दिवसांत ते रोज सुमारे दीड तास होते.

नवशिक्या हाताचा वेग याच्या निम्मा असतो. त्याला २१ तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तो एका आठवड्यात नोकरी करून मिळणे कठीण. अशा वेळी डिसेंबरच्या पहिल्या तारखेलाच टाके घालावेत किंवा मफलरऐवजी लहान टोपी निवडावी. अर्धवट राहिलेला मफलर आणि मनाला लागलेली चुटपुट यापेक्षा पुरी झालेली टोपी केव्हाही बरी.

सर्व ओळी सुलट विणण्यात एक सोय आहे. कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते आणि त्याच्या कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट व एक उलट विणल्यास पृष्ठभाग गुळगुळीत होतो, परंतु कडा गुंडाळू लागतात. प्रत्येकाचा हात कमी-अधिक सैल असतो, म्हणून आरंभी १० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून टाके मोजावेत. अशा मफलरला साधारण १०० ते १५० ग्रॅम लोकर लागते. ती एकदमच घ्यावी आणि प्रत्येक गुंड्यावरील लॉट क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लोकरीच्या छटा दुकानात सारख्या भासतात, पण विणल्यावर फरक उघड होतो.

खऱ्या लोकरीच्या तंतूंना नैसर्गिक कुरळेपणा असतो. त्यामुळे त्यांच्यात हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. मात्र याच तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात चोळल्यास ते एकमेकांत गुंततात आणि कपडा आटतो. म्हणून लोकरीचा कपडा थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन सपाट पसरून वाळवावा. ऍक्रेलिकचा धागा आटत नाही, स्वस्त पडतो आणि वारंवार धुता येतो. लहान मुलांसाठी तो सोयीचा ठरतो.

हात गुंतलेले, कान मोकळे

विणताना डोळे आणि हात कामात असले, तरी कान मोकळे असतात. एकाने विणावे आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचावे, ही जोडी फार जुळून येते. त्यायोगे वाचनासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही.

या आठवड्याला चपखल बसणारे पुस्तक म्हणजे चार्ल्स डिकन्स यांचे 'अ ख्रिसमस कॅरोल'. ते १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती २४ डिसेंबरपर्यंत संपल्या. पुस्तकाचे भाग पाच आहेत. १९ तारखेपासून रोज एक वाचला, तर २३ तारखेला ते पूर्ण होते. कथानायक स्क्रूज हा एका पेढीचा कंजूष मालक आहे, हे बँकेशी संबंधित वाचकांना विशेष रंजक वाटेल. लेखकाचा स्वतःचा हिशेबही बोधप्रद आहे. डिकन्स यांनी छपाईचा खर्च स्वतः सोसला आणि रंगीत चित्रे व उत्तम बांधणी यांवर हात सैल सोडला. परिणामी पहिल्या आवृत्तीतून हजार पौंडांची अपेक्षा असताना २३० पौंडच हाती आले. विक्री उत्तम होऊनही खर्चाचा अंदाज चुकला की नफा आटतो, याचा हा दाखला होय.

मराठीत या विषयाची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. ज्याला गद्य हवे, त्याने लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' घ्यावीत. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनातील संसार, ताटातूट आणि पुनर्मीलन यांचे प्रसंग मोठ्याने वाचले तर सारे घर ऐकत बसते. १८९५ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही तोच मार्ग स्वीकारला. एका मराठी कुटुंबाने नवा धर्म आणि जुनी नाती दोन्ही कशी सांभाळली, हे त्यातून कळते. बायबलचे वाचन करणाऱ्या कुटुंबांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे 'सुबोध बायबल' उपलब्ध आहे. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचल्यास ते २४ तारखेला पूर्ण होते.

स्वयंपाकघर आणि गोठा

नाताळच्या केकसाठी मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल इत्यादी सुकी फळे कित्येक आठवडे रममध्ये भिजत ठेवण्याची रीत आहे. सुकी फळे तशीच घातली, तर ती केकमधील ओलावा शोषून घेतात आणि केक कोरडा होतो. भिजवलेली फळे मऊ राहतात. मद्य आणि साखर यांमुळे ती टिकतातही. मद्य न वापरणाऱ्यांनी फळे संत्र्याच्या कोमट रसात रात्रभर शीतकपाटात भिजवावीत. मात्र ती अधिक दिवस ठेवू नयेत. केक भाजल्यावर तीन-चार दिवस झाकून ठेवल्यास ओलावा सर्वत्र सारखा पसरतो व चव मुरते. म्हणून तो २० तारखेच्या सुमारास भाजणे इष्ट.

गोव्यात व मंगळुरूकडे नाताळच्या फराळाला 'कुस्वार' म्हणतात. नेवऱ्या आणि कुलकुल हे त्यातील ठळक पदार्थ. मैद्याच्या पिठाची लहान गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की कुलकुलची शिंपल्यासारखी वळी तयार होते. हे काम मुले आनंदाने करतात. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळी असा दिवाळीसारखाच फराळ होतो. सण निराळा, तरी सोऱ्या आणि झारा तेच.

येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे केलेल्या देखाव्यापासून रूढ झाली, असे मानले जाते. कर्नाटक व गोव्यातील अनेक घरांत या गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून थाळीत नाचणी किंवा अन्य धान्य पेरतात. भिजवलेली नाचणी १८ तारखेला पेरली की २४ पर्यंत बोटभर अंकुर येतात. घटस्थापनेची सवय असलेल्या मराठी घराला ही रीत परकी वाटणार नाही.

खर्चाची तरतूद

वेळेप्रमाणे पैसाही थोडा थोडा बाजूला ठेवता येतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथील एका बँकेने १९०९ मध्ये खास नाताळसाठी बचत खाते सुरू केले. आठवड्याला लहान रक्कम भरायची आणि नाताळच्या सुमारास एकत्रित रक्कम घ्यायची, अशी ती योजना होती. आपल्याकडे आवर्ती ठेव हेच काम करते. मार्चच्या आरंभी दरमहा ५०० रुपयांची नऊ महिन्यांची ठेव सुरू केल्यास डिसेंबरात ४,५०० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते.

मात्र पैसे कोठे ठेवले जातात, हे महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये फेअरपॅक या कंपनीकडे लाखाहून अधिक कुटुंबे नाताळसाठी वर्षभर पैसे जमा करीत. ही कंपनी बँक नव्हती. ऑक्टोबर २००६ मध्ये, सणाला जेमतेम दहा आठवडे उरले असताना ती बुडाली आणि त्या कुटुंबांना ठेवविम्याचे संरक्षण नव्हते. भारतात विमा संरक्षण असलेल्या बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ओळखीतील भिशीला किंवा अनोंदणीकृत योजनेला ते लाभत नाही.

आठवड्याची वाटणी

या सर्व कामांची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. १८ तारखेला मुलांनी नाचणी पेरावी आणि विणणाऱ्याने टाके घालावेत. १९ ला वाचनास आरंभ करावा व रात्री फळे भिजवावीत. २० ला केक भाजावा. २१ आणि २२ ला सर्वांनी मिळून फराळ करावा. पीठ एकाने मळावे, वळ्या दुसऱ्याने कराव्यात, तळण तिसऱ्याने सांभाळावे. २३ ला दारात कागदी तारा लावावा आणि गोठा मांडावा. २४ ला टाके बंद करून धाग्यांची टोके आत ओवावीत. विणकामाचा दीड तास आणि वाचन रोज एकत्र चालतात, हे गृहीत आहे.

बँक कर्मचाऱ्यांसाठी डिसेंबरअखेर ही तिमाहीअखेरही असते. कार्यालयातून उशिरा परतणे ओघाने येते. अशा घरात सर्व कामे होतीलच असे नाही. त्या वेळी यादीतील एखादे काम आधीच वगळावे आणि फराळाचा एखादा पदार्थ निःसंकोच विकत आणावा. नाचणीला रोज पाणी शिंपडण्याचे काम सहा वर्षांचे मूल करू शकते, आणि आजोबांना पुस्तक वाचता येते. प्रत्येकाच्या वाट्याला काही काम आले, तर २५ डिसेंबरच्या सकाळी घरातील गृहिणीलाही इतरांबरोबर निवांत बसून केकचा पहिला तुकडा खाता येईल.