आजीच्या घरी किती एमबीपीएस पुरे?

गावी एकट्या राहणाऱ्या आजीसाठी इंटरनेट घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, 'किती एमबीपीएस?' एमबीपीएस (दर सेकंदाला किती दशलक्ष बिट माहिती येऊ शकते याचे माप) म्हणजे जोडणीची क्षमता. ती नळाच्या पाइपच्या रुंदीसारखी असते. पाइप रुंद असला तरी पाणी सारखे खंडत असेल तर घागर भरत नाही.

म्हणून आकडा मोठा म्हणजे नेट चांगले, हा समज अपुरा आहे. भारतात 2023पासून ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान 2 एमबीपीएस लागतात आणि एका व्हिडिओ कॉलला साधारण तेवढेच पुरतात. नातवाचा चेहरा पडद्यावर गोठतो तो बहुधा जोडणी तुटल्यामुळे, किंवा लेटन्सी (माहिती जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) सतत बदलत राहिल्यामुळे.

कोकणातल्या एखाद्या वाडीत पर्याय दोनच असू शकतात: फायबर किंवा मोबाइल टॉवरवरचे वायरलेस. फायबर पोचले असेल तर त्याचा सर्वांत छोटा प्लॅनही मी पसंत करेन, कारण टॉवरवर गर्दी झाली की गती उतरते. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे. फायबरच्या मोडेमला घरची लागते. पावसाळ्यात वीज गेली की नेट बंद. तेव्हा मोठ्या प्लॅनऐवजी मोडेमसाठी छोटा यूपीएस घ्यावा, आणि तक्रारीनंतर दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो हे शेजारी आधीच विचारावे.