रिमोटची गाडी किती वेळ चालते?

माझ्या भाच्यानं दोन ईदींचे पैसे साठवून एक बॅटरी घेतली आणि महिन्याभरात ती फुगून निकामी झाली. झाली म्हणण्यापेक्षा माझ्या सल्ल्यानं झाली, हे जास्त खरं. म्हणून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते रिमोटवर धावणाऱ्या विजेच्या गाड्यांच्या बॅटरीबद्दल. मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण हे प्रकरण घरात घडलं, मुलाचे पैसे गेले, तेव्हा जे समजून घ्यावं लागलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

गाडी म्हणजे जत्रेत मिळते तशी नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, हातभर लांब, स्प्रिंगांवर उड्या मारत जाणारी. जपानच्या तामिया कंपनीनं १९७६ साली पोर्श ९३४ या मोटारीची अशी विजेवरची प्रतिकृती बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत हा छंद जगभर पसरला. आपल्याकडे तो उशिरा आला, पण आला.

दुकानदारानं सांगितलं होतं, "पाऊण तास आरामात चालेल." भाच्यानं शाळेच्या मैदानावर घड्याळ लावून पाहिलं. विसाव्या मिनिटाला गाडी रखडायला लागली. पोरगं हिरमुसलं. मी मोठेपणानं म्हटलं, "अरे, अर्धवट वापरून चार्ज करू नकोस. अगदी दम निघेपर्यंत चालव, मग चार्ज कर. हळूहळू वेळ वाढेल." त्यानं मामूचा शब्द मानला. हा सल्ला मी कधीकाळी कुणाकडून तरी ऐकलेला होता. निकेल-कॅडमियमच्या जुन्या सेलसाठी तो दिला जायचा आणि त्याला थोडाफार आधारही होता. भाच्याची बॅटरी मात्र लिथियम-पॉलिमरची होती. छंदी मंडळी तिला 'लायपो' म्हणतात. तिचा स्वभाव उलटा. त्याकडे येतोच, पण आधी वेळेचा हिशेब.

बॅटरीवर लिहिलं होतं ५,००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर. हा आकडा टाकीत पाणी किती ते सांगतो, नळ किती सोडला आहे ते सांगत नाही. पाच अँपिअर प्रवाह घेतला तर ही बॅटरी एक तास पुरेल. पंधरा अँपिअर घेतला तर वीस मिनिटं. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. गाडी किती ओढते हे त्यानं कधी मोजलंच नसावं.

आणि ही ओढ सारखी नसते. गाडी थांबलेली असताना एकदम वेग दिला की मोटार त्या क्षणी सरासरीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. चाक गवतात किंवा वाळूत अडकलं आणि तरीही रिमोटचा ट्रिगर दाबून धरला, तर सगळ्यात जास्त. ती वीज गाडी पुढं नेत नाही, नुसती मोटार तापवते. वेगाचंही तसंच. वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी शक्ती आठपट होते. त्यामुळे एकाच गाडीत, एकाच बॅटरीवर, धसमुसळ्या पोराला एक वेळ मिळतो आणि सांभाळून वळणं घेणाऱ्याला दुसरा.

मग आपल्या गाडीचा खरा वेळ काढायचा कसा? ही युक्ती मला फार आवडली, कारण तिला शाळेतलं त्रैराशिक पुरतं. बॅटरी पूर्ण भरायची. मोजून दहा मिनिटं गाडी चालवायची आणि थांबवायची. मग पुन्हा चार्जरला लावायची. बरे चार्जर असतात त्यांवर बॅटरीत किती एमएएच गेले ते दिसतं. आम्ही केलं तेव्हा आकडा आला २,५०० च्या आसपास. म्हणजे मिनिटाला अडीचशे. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं वाढलेल्या गवतात तेवढ्याच वेळात ३,५०० खाल्ले. टाकीतलं ऐंशी टक्केच पाणी वापरायचं असं धरलं, तर ४,००० हाताशी राहतात. मातीवर सोळा मिनिटं, गवतात साडेअकरादेखील नाहीत. भाच्यानं हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. खोक्यावर काय छापलंय ते आता तो बघत नाही.

वेळ वाढवायची असेल तर आपण आधी मोठ्या बॅटरीकडे धावतो. मोठी बॅटरी जड असते, ते वजन गाडीनंच वाहायचं असतं. त्याआधी गाडी उलटी करून चाक हातानं फिरवून बघावं. अडखळत असेल तर वीज तिथं मुरतेय. चाकांत प्लॅस्टिकचे बुश असतील तर ते काढून बॉल बेअरिंग घालणं हा स्वस्तातला उपाय. मोटारीच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, पिनियन म्हणतात ते, दोन दातांनी लहान केलं की वरचा वेग थोडा कमी होतो, पण मोटारीला ओढ सोपी जाते. सोलापूरच्या उन्हात हा बदल मोटारीच्याही जिवाला बरा. काहीजण दोन सेलच्या जागी तीन सेलची बॅटरी लावतात. त्यानं पाण्याचा दाब वाढतो, गाडी पिसाटासारखी पळते. पण पिनियन तेच ठेवलं तर वेळ वाढेल अशी आशा धरू नये.

आता माझी चूक. लायपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. वापरता वापरता तो उतरतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडायला लागतो. म्हणून गाडीतल्या वेगनियंत्रकात एक सोय असते. सेल साधारण ३.२ ते ३.४ व्होल्टवर आला की ती गाडी थांबवते किंवा मंद करते. पण ही सोय बॅटरीचा प्रकार लायपो असा निवडला तरच नीट काम करते. आमच्या गाडीत तो निकेलवर राहून गेला होता. वर माझा सल्ला, दम निघेपर्यंत चालव. पोरानं तो इमानेइतबारे पाळला. गाडी मुंगीसारखी सरकेपर्यंत तो ट्रिगर सोडत नव्हता. चौथ्या आठवड्यात बॅटरी उशीसारखी फुगली आणि चार्जरनं ती घ्यायला नकार दिला.

तो नकार बरोबर होता. अशा वेळी "चार्जर निकेलवर ठेवून दोन मिनिटं धक्का द्या, जागी होईल" असं सांगणारे भेटतात. कृपा करून ऐकू नका. बिघडलेला लिथियम सेल चार्ज करताना पेट घेऊ शकतो. धडधाकट बॅटरीही गादीवर, पडद्याजवळ, रात्री झोपताना लावू नये. फरशीवर ठेवावी, दोन्ही सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर वापरावा आणि घरात कुणीतरी लक्ष द्यायला असावं. ५,००० एमएएचच्या बॅटरीला पाच अँपिअरनं भरलं तर तासभर लागतो. तेवढा वेळ मी आता खुर्ची घेऊन बसतो. वाचन होतं. आठवडाभर खेळायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण अर्धा भरलेला ठेवतात. पूर्ण भरून कपाटात ठेवणंही तिला मानवत नाही.

शर्यतीतल्या लोकांचं मला नवल वाटतं. अशा गाड्यांची मातीवरची जागतिक शर्यत पाच मिनिटांची असते. १९८० च्या दशकात बॅटऱ्या १,२०० एमएएचच्या असत. एवढ्यावर पाच मिनिटं काढायची तर सरासरी साडेचौदा अँपिअरच्या आत राहावं लागे. सुरुवातीला सुसाट सुटलेली गाडी शेवटच्या फेरीत आचके देई आणि मागून हात राखून येणारा पुढं निघून जाई. आजच्या बॅटरीत ती काळजी उरलेली नाही.

फुगलेली बॅटरी आम्ही कचऱ्याच्या डब्यात टाकली नाही, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिली. नवीन घेताना दुकानात मी पाकीट काढलं. भाचा म्हणाला, "मामू, अर्धे मी देतो, सेटिंग मीच बघायला हवं होतं." मी घेतले नाहीत.